डाव्या पट्टीतले चार ड्राइव्ह

खटपटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी घरातली घड्याळं उघडून बसायची म्हणून वडिलांनी पाडलेलं, आणि तिशी उलटली तरी चिकटून राहिलेलं. गावातल्या छोट्या रेडिओ केंद्राची तांत्रिक बाजू ती सांभाळायची आणि तिची वहिनी तिथेच निवेदिका होती. घरी नणंद-भावजय, कामावरही तीच जोडी. त्यामुळे कामावरची भांडणं जेवताना मिटायची आणि घरातली स्टुडिओत, माइक बंद करून.

त्या आठवड्यातलं भांडण कंप्युटरच्या फाइल मॅनेजरवरून होतं. "एक जाहिरात काढायची तर किती ठिकाणी हिंडायचं गं?" वहिनी करवादली होती. "गाणं संपत येतं आणि मी आपली फोल्डरमागून फोल्डर उघडतेय."

खटपटीनं ते मनावर घेतलं. फाइल मॅनेजर उघडला की थेट ड्राइव्हच दिसावेत, अशी सोय केली. डाव्या पट्टीतले नको ते फोल्डर उडवले आणि तिथे फक्त चार ड्राइव्ह ठेवले, नावं देऊन: गाणी, बातम्या, जाहिराती, आपत्कालीन. पहिले दोन खरं तर शीतगृहाच्या गल्लीतल्या जुन्या कार्यालयात, सर्व्हरवर होते. उरलेले दोन स्टुडिओतल्या कंप्युटरमध्येच. क्लिक केलं की चारही सारखेच उघडत. वहिनीनं करून पाहिलं, खोट काढायला काही सापडलं नाही, तेव्हा "बरंय" म्हणाली. तिच्या तोंडून एवढं आलं म्हणजे डोक्यावरून पाणी.

नंतर एका दुपारी खटपटी वडिलांचे डोळे तपासायला गेली होती. वहिनी स्टुडिओत एकटी होती. गाणं सुरू असतानाच अग्निशमन केंद्रातल्या साहेबांचा फोन आला.

"शीतगृहात अमोनिया गळतोय. त्या गल्लीची वीज आम्ही तोडलीय. वारा टेकडीच्या दिशेनं आहे, तेव्हा लोकांनी बंदराकडे जायचं. टेकडीकडे चुकूनही नाही. आमच्या गाड्या निघाल्यात, पण तुमचा आवाज आधी पोचेल."

वहिनीनं गाणं तोडलं, माइक उघडला आणि सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. मग सीडीवर सनईची एक धून लावली, तेव्हा तिला वसाहत आठवली.

शीतगृहाच्या मागे कामगारांची वसाहत होती. मासळी भरायला दुरून आलेली माणसं ती, त्यांना इथली भाषा धड कळत नव्हती. वसाहतीतल्या बॅटरीवर चालणाऱ्या भोंग्यावर केंद्राचाच आवाज जायचा, म्हणून त्यांच्यातल्याच एका बाईकडून त्यांच्या भाषेत दोन सूचना रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. एक बंदराकडे जा म्हणणारी, एक टेकडीकडे जा म्हणणारी. वारा असेल तशी लावायची.

तिनं फाइल मॅनेजर उघडला. खिडकी आली, पांढरीफटक. वर हिरवी रेघ थोडी सरकली आणि थांबली. मग माउसचा बाण जाऊन त्या जागी गोल गोल फिरणारं चक्र आलं.

"चल ना, बाबा," ती पुटपुटली. बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. वाजवायच्या प्रोग्रॅममधून फाइल शोधायला गेली तर तोही तिथेच अडकला.

तिनं खटपटीला फोन लावला. लागेना. सगळं गाव एकाच वेळी फोन करत असणार. धून संपली, तिनं पुन्हा माइकवर तीच सूचना सांगितली आणि धून परत लावली. सांगताना डोळ्यांपुढे मात्र भोंग्याकडे बघत उभी राहिलेली, काहीच न कळणारी माणसं होती. वास आला की ती वाट फुटेल तिकडे पळणार. आणि वसाहतीतून बाहेर पडणारा रुंद रस्ता टेकडीकडेच जात होता.

फोन वाजला. खटपटीच होती.

"वहिनी, दवाखान्यात रेडिओ लागलाय, ऐकतेय मी. वसाहतीतल्या लोकांची सूचना का नाही लावलीस?"

"तुझा तो मॅनेजर उघडत नाहीये! नुसतं चक्र फिरतंय!"

"त्या गल्लीची वीज तोडलीय म्हणालीस ना? सर्व्हर बंद पडलाय. तो कंप्युटर आता गाणी आणि बातम्यांचे ड्राइव्ह शोधत बसलाय. मीच ते पट्टीत आणून ठेवले."

"ते नंतर. आता काय करू ते सांग."

"नेटवर्कची केबल काढ. तुटली की तो शोधायचं सोडेल. कंप्युटरच्या मागे हात घाल."

वहिनी टेबलाखाली शिरली. मागे धूळ आणि केबलींचा गुंता. "दोन आहेत सारख्या. एक निळी, एक करडी."

"निळीला हात लावू नकोस! तिच्यावरून आपला आवाज प्रसारणाच्या मनोऱ्याकडे जातो. ती निघाली तर केंद्रच गप्प होईल."

"म्हणजे करडी ना?"

"मागच्या महिन्यात मी केबलींची अदलाबदल केली होती का गं... नाही. करडीच. करडी काढ."

"नक्की?"

"काढ, वहिनी."

तिनं करडीच्या टोकाचा खटका दाबला आणि ती ओढली. कान कोपऱ्यातल्या रेडिओवर लागलेल्या धुनीकडे होते. सनई वाजतच राहिली. ती गुडघ्यांवरच वर सरकली. पडद्यावर दोन ड्राइव्हांवर लाल फुल्या आल्या होत्या आणि खालचा 'आपत्कालीन' क्लिक करताच शहाण्यासारखा उघडला.

आत दोन फाइली. 'बंदर' आणि 'टेकडी'.

बाणाचं टोक 'बंदर'वर नेलं आणि तिचा हात थबकला. "खटपटे, 'बंदर' म्हणजे बंदराकडे जा, की बंदराकडे वायू आलाय?"

"नावं मी दिली नाहीत गं. माझ्याआधी हे काम बघणाऱ्यानं दिलीत." खटपटीचा आवाज रडवेला झाला. "ऐकव मला. प्रसारणात नको, हेडफोनवर ऐकव. रेकॉर्डिंगला मी त्याच्या मदतीला होते, त्या बाईनं मला समुद्राचा शब्द शिकवला होता. माझा उच्चार ऐकून ती खूप हसली होती. 'समुद्राकडे चला' अशी सुरुवात होती एकीची."

वहिनीनं हेडफोन फोनला चिकटवला आणि 'बंदर' लावली. एका बाईचा स्वच्छ, घाई नसलेला आवाज. वहिनीला त्यातलं अक्षरही कळलं नाही. तिनं फक्त डोळे मिटून घेतले.

"हीच!" खटपटी ओरडली. "पहिलाच शब्द समुद्र. लाव!"

वहिनीनं लावली, आणि संपली की पुन्हा लावली, साहेबांचा 'आता थांबवा' असा निरोप येईपर्यंत.

वसाहत बंदराच्या मैदानात उतरली. डोळे चुरचुरणाऱ्या आणि धाप लागलेल्या काही जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. जीव मात्र कुणाचा गेला नाही. दोन तरुण आधीच टेकडीच्या रस्त्याला लागले होते, ते भोंगा ऐकून मागे फिरले, असं साहेबांनी संध्याकाळी सांगितलं.

खटपटी आली ती वडिलांना रिक्षात तसंच बसवून. स्टुडिओच्या दारातच उभी राहिली. "माझ्यामुळे झालं."

वहिनीच्या ओठांवर खूप काही आलं होतं. पण समोर त्या पोरीचा चेहरा पांढरा पडलेला. "मलाच घाई होती ना," ती म्हणाली. "आणि शब्दही तूच ओळखलास. आधी मामंजींना आत आण, रिक्षात ताटकळलेत."

दुसऱ्या दिवशी खटपटीनं सर्व्हरचे दोन्ही ड्राइव्ह पट्टीतून काढले, त्यांची जोडणीही तोडली, आणि लागतील तेव्हा जोडायला वेगळं बटण केलं. सूचनांच्या फाइली वाजवायच्या प्रोग्रॅमच्या पहिल्या दोन बटणांवर बसवल्या, पूर्ण वाक्यात नाव देऊन: 'बंदराकडे जा' आणि 'टेकडीकडे जा'. मग उठून वहिनीला खुर्ची दिली.

वहिनीनं सर्व्हर बंद करायला लावला. मगच फाइल मॅनेजरची खिडकी उघडून पाहिली, मिटली, पुन्हा उघडली. दोन्ही वेळा ती झटकन आली. खटपटी नखं कुरतडत मागे उभी होती.

"आणखी एकदा," वहिनी म्हणाली.