गुडघेवाल्या बाई

अकराला मुलाचा फोन येणार म्हणून ट्रेसरबाई पावणेअकरापासूनच माणसं शोधत होत्या.

कुठलीही चालली असती. देश, भाषा, वय, कशाचीच अट नव्हती. फक्त पंधरावीस तरी असावीत आणि बोलत असावीत. सकाळपासून त्या मोडक्या शहराच्या गल्ल्यांतून हिंडत होत्या आणि एका पहारेकऱ्याशिवाय त्यांना कोणी भेटलं नव्हतं. एरवी याला त्या स्वर्गसुख म्हणाल्या असत्या. पण घड्याळाचा काटा पुढे सरकला तशी त्यांची चुळबूळ वाढली. शेवटी खालच्या फाटकाशी एक बस येऊन थांबली. तिच्यातून पिवळी छत्री उंच धरलेली गाइड उतरली, आणि तिच्यामागे उन्हाने लालबुंद झालेली बरीच मंडळी. ट्रेसरबाई लंगडत लंगडत तिकडे निघाल्या आणि फोन वाजला तेव्हा त्या रांगेत शेवटून तिसऱ्या होत्या.

"आई, ग्रुपबरोबर आहेस ना?"

"तुला ऐकू येत नाही का? हे काय सगळे भोवती."

त्यांनी फोन जरा वर धरला. छत्रीवालीने नेमका तेव्हाच काहीतरी विनोद केला असावा, कारण सगळे खळखळून हसले.

"मजा आहे तुमची," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज सैल पडला. "फार पुढे पुढे जाऊ नकोस. मध्ये राहत जा."

"मध्येच आहे."

ट्रेसरबाई हे त्यांचं कचेरीतलं नाव. नगररचनेच्या कार्यालयात चौतीस वर्षं त्यांनी इंजिनिअर लोकांच्या पेन्सिलीच्या नकाशांवर ट्रेसिंग पेपर पसरून शाईने रेघा ओढल्या होत्या. शहरातली निम्मी घरं त्यांच्या हाताखालून गेली, पण त्यांतल्या एकाही घरात त्यांना कुणी चहाला बोलावलं नाही. निवृत्त झाल्यावर एका मासिकात त्यांनी या जुन्या शहराचा फोटो पाहिला. छपरं नाहीत, माड्या नाहीत, सगळ्या भिंती गुडघ्याएवढ्या उरलेल्या. म्हणजे जमिनीवर नुसता प्लॅन, आणि तोही खऱ्या मापाचा. शेजारी टेकडी. त्या टेकडीवर उभं राहून हा अख्खा नकाशा एकदा बघायचा, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

मुलाने एकच अट घातली: ग्रुपबरोबर. दोन वर्षांपूर्वी त्या जिन्याच्या दोन पायऱ्या घसरल्या होत्या. तेव्हापासून तो आईला काचेच्या भांड्यासारखा जपत होता. म्हणून त्यांनी बावीस जणांच्या सहलीत नाव नोंदवलं. फॉर्म त्यांच्या त्या छापील वाटणाऱ्या अक्षरांत भरला. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, या रकान्यात सुनेचा नंबर घातला. आणि निघायला नऊ दिवस उरले असताना कंपनीचा निरोप आला, की पुरेशी माणसं जमली नाहीत, सहल रद्द.

व्हिसा हातात होता आणि मन केव्हाच तिकडे जाऊन पोचलं होतं. त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. स्वतःच तिकीट काढलं, खोली ठरवली. विमानतळावर मुलाने विचारलं, "ग्रुप कुठाय?" तर म्हणाल्या, "आत गेलाय." आयुष्यभर एक मिलिमीटर इकडचा तिकडे न केलेली बाई, पण पहिली थाप पचली म्हटल्यावर पुढच्या आपोआप सुचत गेल्या.

त्यातूनच त्या दुसऱ्या बाई जन्माला आल्या. पहिल्या संध्याकाळी फोनवर बोलता बोलता पलंगावरून उठताना ट्रेसरबाईंच्या तोंडून "आई गं" निसटलं.

"काय झालं?" मुलगा दचकला.

"मला काही नाही. खोलीत माझ्याबरोबर एक बाई आहेत ना, त्यांचे गुडघे धरलेत."

गुडघा धरला होता खरा, पण ट्रेसरबाईंचा स्वतःचा, आणि तो वर्षभर. ते घरात कळलं असतं तर ग्रुपच काय, पलटण बरोबर असती तरी मुलाने सोडलं नसतं. मात्र थाप मारताना त्या एक गोष्ट विसरल्या होत्या. सून फिजिओथेरपिस्ट होती, आणि गुडघा म्हटला की तिला राहवत नसे. घरचं घड्याळ अडीच तास पुढे; आत्ताही जेवणाच्या सुट्टीत दोघं घरी आलेले असणार, कारण मुलगा म्हणाला, "थांब, हिला बोलायचंय."

"आई, त्या बाईंचं कसं आहे?"

"कोण? हां, त्या. बऱ्या आहेत."

"चढताना दुखतं त्यांना की उतरताना?"

ट्रेसरबाईंनी मनातल्या मनात सकाळचा हॉटेलचा जिना पुन्हा एकदा उतरून पाहिला. "उतरताना जास्त."

"आणि बराच वेळ बसून उठलं की?"

"पहिली चार पावलं जीव जातो. मग पाय सुटतो. म्हणजे, असं त्या म्हणत होत्या."

"त्यांना सांगा, खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, हळूच खाली. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सांगाल ना नीट?"

"सांगते की."

फोन ठेवून त्या जवळच्याच एका भिंतीवर बसल्या आणि पाय समोर सरळ करून दहा मोजू लागल्या. लालबुंद मंडळींपैकी दोघांनी आदराने बाजूने वाट काढली. इथला काही विधी असावा असं त्यांना वाटलं असेल.

पिवळी छत्री पुढे गेली आणि शांतता परत आली. ट्रेसरबाई उठल्या. पहिली चार पावलं आज खरोखरच जरा सोपी गेली. मग त्या एकेका घरात उंबरठ्यावरूनच शिरत गेल्या; भिंती ओलांडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ही न्हाणी. तिचं पाणी या उतारावरून गल्लीतल्या गटारात जाणार. उतार बरोबर आहे. ही स्वयंपाकाची जागा. इथे बसलेल्या बाईला दारात कोण आलं ते दिसावं म्हणून मधली भिंत हातभर आखूड ठेवलेली. कुणीतरी विचार करून आखलं होतं. पुढच्या एका घरापाशी मात्र त्या थबकल्या. दार फिरायची दगडातली गोल खळगी उंबरठ्याच्या बाहेरच्या बाजूला होती. म्हणजे दार सरळ गल्लीत उघडायचं. असा प्लॅन त्यांच्या टेबलावर आला असता तर लाल पेन्सिलीची खूण होऊन आल्या पावली परत गेला असता. त्यांनी वळून पाहिलं. समोरच्या घराच्या भिंतीला नेमकी तेवढ्याच जागी खोलगट झीज होती. रोज दार आपटायचं आणि रोज शेजाऱ्यांशी वाजायचं. दोन हजार वर्षांपूर्वीचं भांडण भिंतीवर तसंच राहिलं होतं. ट्रेसरबाई एकट्याच मोठ्यांदा हसल्या. त्यांना फार बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा त्या प्लॅनच्या आत उभ्या होत्या.

हसणं ऐकून पहारेकरी आला. भाषेचा प्रश्नच नव्हता, त्यांना त्याची येत नव्हती आणि त्याला त्यांची. त्यांनी टेकडीकडे बोट दाखवून उद्या जाणार असं खुणेने सांगितलं. त्याने आधी टेकडीकडे पाहिलं, मग त्यांच्या पायाकडे. हाताने हवेत पायऱ्या काढल्या, पुष्कळ काढल्या, आणि तळवा हलवून नको म्हटलं.

दुपारपर्यंत गुडघ्याची वाटी सुजेत बुडाली. खोलीवर येऊन त्या खिडकीशी बसल्या. दोनशे बारा पायऱ्या. उद्याचा एकच दिवस हातात, परवा विमान. वर अर्ध्यात पाय अडकला, कुणी उचलून खाली आणलं, फोन घरी गेला, तर पुढचं सगळं त्यांना दिसत होतं. मुलगा ओरडला नसता. ओरडला असता तर परवडलं असतं. तो नुसता गप्प झाला असता आणि मग त्यांना कधी कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटं सोडलं नसतं. टेकडी सोडून द्यायची तर इतक्या लांब येऊन नकाशा पाहिलाच नाही असं झालं असतं. संध्याकाळी त्यांनी सुनेला फोन लावला.

"क्लिनिकमध्ये आहेस का गं?"

"शेवटचा पेशंट आत्ताच गेला. बोला ना."

"त्या बाईंचं विचारायचं होतं. उद्या टेकडी आहे. दोनशे बारा पायऱ्या. त्यांनी जावं की नाही?"

"सूज आहे?"

"आहे थोडी."

"हात लावून बघा बरं, गरम लागतो का?"

ट्रेसरबाईंनी हात लावला. "नाही लागत," म्हणाल्या, आणि मग जीभ चावली. "म्हणजे, सकाळी तरी नव्हता. आत्ता त्या आंघोळीला गेल्यात."

"बरं," सून म्हणाली. "टेकडी चढणं त्यांना किती गरजेचं आहे, आई?"

"त्या त्याच्यासाठीच आल्यात गं."

"मग जाऊ दे त्यांना. ऊन चढायच्या आत निघायचं. दर वीस पायऱ्यांना थांबायचं, दुखो न दुखो. कठड्याचा आधार घ्यायचा. आणि उतरताना उजवा पाय आधी, हे विसरू नका म्हणावं. शिवाय गुडघेपट्टी घालायची."

"त्यांच्याकडे कुठली आलीय गुडघेपट्टी."

"तुमच्या बॅगेत आहे की. आतल्या चेनच्या कप्प्यात. निघायच्या आदल्या दिवशी मीच ठेवली होती. ती द्या त्यांना. मापाला बसेल."

ट्रेसरबाई फोन तसाच कानाला धरून उठल्या. आतला कप्पा त्यांनी उघडलाच नव्हता. चेन ओढली. त्यांच्याच एका रुमालात गुंडाळलेली पट्टी होती. ती हातात घेऊन त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. उजवा पाय असं आपण कधी म्हणालो होतो, ते आठवून पाहिलं. म्हणाल्याच नव्हत्या.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"सहल रद्द झाल्याचा निरोप माझ्याही फोनवर आला होता. फॉर्मवर तुम्हीच नंबर दिलात ना. आणि गुडघ्याचं म्हणाल, तर वर्षभर तुम्ही जिना उतरताना मी बघतेय. तुम्हाला वाटतं मी पेपर वाचते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही स्वतःसाठी काही करत होतात. म्हटलं, आपण कशाला मोडता घालायचा?" ती हसली. "पण सोपं नव्हतं हं. तुम्ही विमानात बसलात त्या रात्री मला झोप नाही लागली. मग त्या बाई आल्या. मला एवढं हायसं वाटलं. म्हटलं, चला, आता गुडघ्याची चौकशी तरी करता येईल."

"आणि त्याला?"

"त्याला मी नाही सांगितलं. तो छान झोपतो. तुमचा ग्रुप फार आवडलाय त्याला. ते मात्र तुम्हीच सांगायचं, आल्यावर. माझ्याच्याने नाही व्हायचं."

फोन ठेवल्यावर ट्रेसरबाई आधी हसल्या आणि मग थोड्या रडल्या, आणि दोन्ही झाल्यावर त्यांना सडकून भूक लागली. गेले दोन दिवस एकवीस माणसं त्या अंगावर वागवत होत्या. ती सगळी एकदम उतरून गेली. खरंतर त्यांना सुनेचा रागही यायला हवा होता, पण तो काही केल्या येईना.

सकाळी फाटक उघडलं तेव्हा त्या पट्टी घालून तयार होत्या. पहारेकऱ्याने पट्टी पाहिली आणि या खेपेला तळवा हलवला नाही. नुसतं कठड्याच्या बाजूने सरका असं दाखवलं. डावा पाय आधी. वीस पायऱ्या, थांबा. पुन्हा वीस. सहाव्या थांब्याला त्यांनी मागे वळून बघायचा मोह आवरला. अर्धवट नकाशा त्यांना बघायचा नव्हता. दहाव्या थांब्याला दम लागला होता, पण गुडघा आपल्या जागी होता. मग बारा पायऱ्या उरल्या आणि त्याही संपल्या.

वर कोणी नव्हतं. त्या वळल्या. खाली सगळं शहर पसरलं होतं, एकाही छपराची अडचण नसलेलं. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक भिंतीच्या एका अंगाला सावलीची बारीक काळी रेघ उमटली होती, शाईने ओढल्यासारखी. त्यांनी घरं मोजली, गल्ल्या मोजल्या, गटारं कुठून कुठे जातात ते पाहिलं. बाहेर उघडणाऱ्या दाराचं घर शोधून काढलं. अकरापर्यंत त्यांचं पाहून झालं नव्हतं. फोन वाजला तेव्हा त्यांनी माणसं शोधली नाहीत.

"आई, आज मागे आवाज नाही कुणाचा?"

"मी वर आलेय, टेकडीवर. इथे कोणी नाही."

"एकटीच?" मुलाचा सूर चढला.

"त्या बाई आहेत ना."

"त्या? चढल्या?" तो चकित झाला. "त्या गुडघ्यांनी?"

"चढल्या. दहादा थांबल्या, पण चढल्या."

"कमाल आहे. आई, त्यांना माझ्याकडून शाबास म्हण. विसरू नकोस हं, खरंच म्हण."

"म्हणते." ट्रेसरबाईंनी पट्टीवर हात ठेवला आणि गुडघा दोनदा हलकेच थोपटला.

"घरचे कसे सोडतात गं त्यांना असं?"

"घरचे चांगले आहेत त्यांचे. काळजी फार करतात."

"करणारच." मागे सुनेला ठसका लागल्याचा आवाज आला. मुलगा तिला पाणी पी म्हणाला आणि परत फोनवर आला. "त्यांना एकदा घरी घेऊन ये, आई. मला भेटायचंय त्यांना."

"आणते," ट्रेसरबाई म्हणाल्या. "परवाच आणते."