वासरू नसलेल्या गाईची वसुबारस

मित्रांनो, मी एक जुनी गाय आहे. म्हातारी म्हटलेलं मला खपत नाही. नाव तांबू, मुक्काम भिवंडीजवळचं टेमघर. स्वभावानं मी संशयी. कुणी पेंड पुढे केली, की मी आधी त्याचा हात हुंगते.

गाईच्या पोटात तेहतीस कोटी देव राहतात म्हणे. राहत असतील! पण माझं दूध आटलं, पेंड बंद झाली, तेव्हा ते सगळे काय खात होते कोण जाणे.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. गावात गोठे रिकामे होत होते आणि तिथे कापड विणायचे लूम बसत होते. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमचा मालक चिंधू एका लूमवाल्या माणसाला घेऊन गोठ्यात आला. त्या माणसानं टेप लावून भिंती मापल्या.

"दो लूम आराम से बैठेंगे. गाय का क्या?"

"बाजार हाय ना," चिंधू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चिंधूची आई धोंडूबाई हळदकुंकू घेऊन आली. तिनं मला न्हाऊ घातलं, झेंडूची माळ घातली, उडदाचे वडे पुढे ठेवले. ही निरोपाची ओटी तर नव्हे? मी वड्यांना तोंड लावलं नाही.

तेवढ्यात चिंधू म्हणाला, "आये, वसुबारस गाय-वासराची. हिला वासरू कुठं हाय? भाकड गाईची कसली पूजा?"

धोंडूबाईनं नातीला, चिंधूच्या पार्वतीला, हाताला धरून माझ्याशेजारी बसवलं आणि तिच्याही कपाळाला कुंकू लावलं.

"ह्ये हिचं वासरू. पार्वतीची आय बाळंतपनात गेली, तवा पोरीला कुनी पाजलं? तुज्या लूमनं? दूध पाजलं ती आय. आयला कुनी बाजारात नेतं का रं?"

चिंधूनं खाली वाकून एक वडा उचलला आणि माझ्यापुढे धरला. मी हात हुंगला. तेलाचा, सुताचा वास. मी वडा खाल्ला.

शेवटी गोठ्यात एकच लूम बसला. त्याच्या खडखडाटानं माझी झोप उडते, पण अर्धा गोठा माझा आहे.

मित्रांनो, गाय पूज्य का, याची मोठी कारणं शास्त्रीबुवांना विचारा. मला धोंडूबाईचं कारण पटलं. जिचं दूध प्यालात, तिचं दूध आटल्यावर तिला विसरू नका. पूजा वर्षातून एकदाच करा, पेंड मात्र रोज घाला. मी आधी हात हुंगेन; रागावू नका.