धुळाजीच्या भाषणाच्या सुरुवाती

पहिली सुरुवात

"मंडळी, माझी लेक इंजिनियर हाय..."

इथवर येऊन धुळाजी थांबला. मेंढ्यांनी चरताना मान वर केली नाही. उद्या दुपारी लेकीच्या कारखान्यात गावाला जेवण होतं. घरातला वडीलधारा म्हणून चार शब्द त्यालाच बोलायचे होते, म्हणून आज रानात मेंढ्यांपुढं सराव चालला होता. पण लेक इंजिनियर आहे हे तीर्थपुरीच्या आसपास कोणाला सांगायचं राहिलं होतं? रेणुका पास झाली तेव्हापासून तो दिसेल त्याला सांगत सुटला होता. शेजारचा कचरू तर वाटेत अडवून म्हणायचा, "दादा, आज सांगायचं राहिलं की."

ती चाकणच्या कंपनीत होती तोवर सांगणं सोपं होतं. मग ती नोकरी सोडून आली आणि रस्त्याकडेला पत्र्याचं शेड ठोकून मोसंबी निवडायची यंत्रं बनवू लागली. पट्ट्यावरून फळ पुढं सरकायचं आणि लहान-मोठं आपापल्या खणात पडायचं. लोक म्हणाले, बापानं मेंढ्या राखल्या, आता लेक मोसंब्या राखणार. पुढं ती यंत्रं परतूर, भोकरदनपर्यंत गेली, तेव्हा लोक गप्प झाले. धुळाजी मात्र गप्प झाला नाही.

दुसरी सुरुवात

"मंडळी, इर्जिक म्हंजे काय हे तुमाला म्या सांगावं असं न्हाई..."

हे बरं होतं. एकाच्या रानात सगळ्यांनी आपापले बैल, अवजारं घेऊन यायचं, काम उरकून द्यायचं. मजुरी नाही. ज्याचं रान, त्यानं पोटभर जेवू घालायचं. धुळाजीनं हे रेणुकाला ती शाळेत असताना सांगितलं होतं, आणि कारखाना उभा राहिल्यावर तिनं ते बाहेर काढलं. अमावस्येला बैल जुंपत नाहीत, माणसं घरी सापडतात. त्या दिवशी ती कारखाना बंद ठेवून सगळ्या कामगारांना घेऊन एखाद्या गावात जायची. फवारणीचे पंप, कडबा कापायची यंत्रं, शाळेतला बंद पडलेला हापसा, जे समोर येईल ते दुरुस्त करायची. बघत उभ्या राहिलेल्या पोरींच्या हातात पाना द्यायची. गावातल्या कांताबाईची सून अशीच आधी बघत उभी होती, आता रेणुकाकडं वेल्डिंग करते. गावानं फक्त जेवण द्यायचं. कोणी पाकीट पुढं केलं, की रेणुका म्हणायची, "इर्जिक हाय ही."

हे ऐकताना धुळाजीला

(एक मेंढी कपाशीत शिरली. तिला हाकलून येईपर्यंत पुढचं वाक्य गेलं.)

तिसरी सुरुवात

"मंडळी, झालं असं..."

नको. झालं ते सगळ्यांना माहीत होतं. गेल्या आठवड्यात वादळानं शेडचे पत्रे उडवले. तयार यंत्रं, मोटारी, सगळं उघड्यावर आलं. सकाळी न बोलावता माणसं आली, शिड्या आणि दोर घेऊन. सांजेपर्यंत अर्धं छप्पर चढलं. रेणुकानं दुपारी हॉटेलातून जेवणाच्या पुड्या मागवल्या, आणि दिवस मावळायच्या आत प्रत्येकाच्या मोबाईलवर मजुरी टाकली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पैसे परत आले. कचरूचे सगळ्यांत आधी. शेडकडं कोणी फिरकलं नाही.

रेणुका बापाजवळ येऊन बसली. "आबा, मी कोणाचं फुकट घेतलं न्हाई. त्यात काय बिघडलं?"

"तू त्यांना मजूर करून टाकलं, बाई. ते इर्जिकीला आल्ते."

तिनं अर्ध्या छपराकडं बघितलं. "जालन्याहून ठेकेदार आणला तर छप्पर जल्दी होईल. पण मंग अमावस्येला कोणत्या तोंडानं कुणाच्या गावात जाऊ?"

"इर्जिकीत पैसं घ्यायचं न्हाई, हे तुला बराबर कळलं. द्यायचं बी न्हाई, ते ऱ्हायलं." धुळाजीनं काठीनं माती उकरली. "जेवायला बोलव. सैपाक घरचा. वाढायचं तू."

ती घरोघर गेली. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाहीही म्हणालं नाही. कांताबाईनं तेवढं विचारलं, जेवणाचे पैसे मोबाईलवर टाकायचे का, इंजिनियरबाई?

चौथी सुरुवात, मेंढ्यांशिवाय

दुपार. शेडमध्ये अर्ध्यात सावली, अर्ध्यात ऊन. आभाळ भरून येत होतं. जयवंताबाईनं, धुळाजीच्या बायकोनं, पहाटेपासून चुलीपुढची जागा सोडली नव्हती. वांग्याची भाजी, भाकरी, गुळाचा शिरा. पंगतीच्या पट्ट्या अंथरलेल्या. त्यांवर कोणी नाही.

रेणुका ओढणी कमरेला खोचून, हातात शिऱ्याचं पातेलं घेऊन उभी होती. धुळाजीच्या हातात माईक. तो रस्त्याकडं बघत होता.

आधी शिडी दिसली, मग तिच्या खाली कचरू. त्यानं शिडी भिंतीला टेकवली, हात धुतले, पट्टीवर मांडी घातली. त्याच्यामागं दोर आले, हातोड्या आल्या, कांताबाई सुनेसकट आली. पट्ट्या भरल्या.

"मंडळी," धुळाजी म्हणाला.

इंजिनियर, चाकण, इर्जिक, वादळ, सगळं एकदम आठवलं, आणि कुठून सुरू करावं ते कळेना. समोर रेणुका वाकून कचरूच्या पानात शिरा वाढत होती.

"बसा. जेवा."

झालं भाषण. कचरूनं घास घेतला. "दादा, लेक इंजिनियर हाय, हे सांगायचं राहिलं की."

पंगत हसली. धुळाजीही.

शेवटच्या पंगतीला रेणुका बसली, तेव्हा कांताबाईनं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि तिला वाढलं. पुढची अमावस्या कोणत्या गावाला, असंही विचारलं. सुनेबरोबर आपणही येणार म्हणाली, भाकऱ्या थापायला.

मग सगळे वर चढले. रेणुकाही. धुळाजी खाली शिडी धरून उभा राहिला.

पहिलीच सुरुवात, पुन्हा

रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. अनोळखी माणूस होता, परतूरच्या बाजारातून निघालेला. वर चढलेल्या एवढ्या माणसांकडं बघून त्यानं विचारलं, काम कोणाचं चाललंय?

धुळाजीनं त्याला नीट न्याहाळलं. याला काहीच माहीत नव्हतं. बिलकुल काही नाही.

"गाडी सावलीला लावा," तो म्हणाला. "शिरा उरलाय, खाऊन जा. आन् ऐका. माझी लेक इंजिनियर हाय..."