थरथर कुणाची?

मित्रांनो, टेकडीवर आभाळाकडे तोंड करून उभी असलेली ती भलीमोठी पांढरी ताटली म्हणजे मी, एक जुनी अँटेना. लोखंडी सांगाड्यावर पत्रे ठोकून मला उभं केलं तेव्हा एकच काम सांगितलं होतं. दूरच्या ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाचा रेडिओ संदेश ऐकायचा.

मी मन लावून ऐकत राहिले. मला वळवणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. पाहुणे आले की मामा सांगायचे, "हिचा कान फार तिखट आहे."

मग एका वर्षी ते यान आपल्या ग्रहासोबत फिरत फिरत सूर्याच्या पलीकडे गेलं. त्याचा संदेश सूर्याच्या अगदी जवळून वाट काढत येऊ लागला आणि नेहमीचा एकसुरी आवाज थरथरायला लागला. मी गोंधळले. माझाच तोल जात होता का? मामांनी बोल्ट आवळले, चाकांना ग्रीस लावलं, तरी फरक पडेना.

केंद्राचे साहेब येऊन म्हणाले, "वय झालं हिचं. उतरवून टाका."

मामा माझ्या खांबावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

तेवढ्यात संशोधन करणाऱ्या ताई आल्या. पडद्यावरची वेडीवाकडी रेघ बघून त्यांचा चेहरा खुलला. "मामा, मला हेच हवंय."

"अहो ताई, यातलं एक अक्षर लागत नाही."

"संदेश नकोच मला. सूर्यापासून तापलेल्या कणांचा वारा सतत सुटलेला असतो. त्यातून येताना आवाज थरथरतो. थरथर मोजली की वाऱ्याचा अंदाज येतो."

मला काही उमगेना. इतकी वर्षं स्वच्छ आवाजासाठी शाबासकी मिळाली. आता खराब आवाजासाठी?

साहेबांनाही पटेना. "थरथर हिची नाही कशावरून?"

ताईंनी समुद्रापलीकडच्या एका अँटेनाला त्याच वेळी तेच यान ऐकायला लावलं. मग दोन्ही रेघा शेजारी मांडल्या. तेच चढ, तेच उतार. फक्त तिच्याकडे किंचित उशिरा.

साहेबांनी त्या फरकावर बोट ठेवलं. "उशीर कसला?"

"वाऱ्याचा तोच झोत आधी हिच्या संदेशाच्या वाटेत आला, मग पुढे सरकून तिच्या. त्यावरून त्याचा वेगही काढता येतो."

"मग राहू दे हिला," साहेब म्हणाले. मामांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढे यानाच्या संदेशाची वाट सूर्यापासून लांब गेली. माझा आवाज पुन्हा लख्ख झाला. मला वाटलं, आता ताई खूश होतील. त्या म्हणाल्या, "मोजमाप संपलं वाटतं," आणि हिरमुसून निघून गेल्या. आता सांगा, मी काय समजायचं?

माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. तरी मित्रांनो, एक मागणं आहे. आमच्यासारख्यांचा गंज वेळच्या वेळी पुसा. आणि कुणाचा आवाज थरथरला, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. तो कशातून वाट काढत आलाय, तेवढं आधी विचारा.