लाल्याचं दुखणं

तिसगावच्या बिभीषण पालव्यांचा कुत्रा लाल्या गोठ्यामागे तंगडी वर करून उभा राहायचा आणि नुसता उभाच राहायचा. थेंब-दोन थेंब गळले की कण्हत खाली बसायचा. बिभीषण लांबून बघत राहायचे. दिवाळीपासून त्यांचंही नेमकं हेच चाललं होतं, आणि त्यांनी ते बायकोलाही कळू दिलं नव्हतं. थोरला भाऊ अशाच दुखण्याने, कंबर धरधरून गेला होता.

लाल्याच्या लघवीत रक्त दिसलं तसं त्यांनी त्याला टेम्पोत घातलं आणि नगरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर आराधना साळव्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, पाठीचा एक्स-रे काढला.

“मामा, ह्याला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. लघवीच्या पिशवीखाली ग्रंथी असते, तिचा. मणक्यापर्यंत पोचलाय.”

“पर ह्यो तर मानसांचा रोग हाय.”

“माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. बाकी जनावरांत सहसा दिसत नाही. माणसाचा आजार समजावा म्हणून संशोधक कुत्र्यांचाही अभ्यास करतात.”

बिभीषणांनी विचारलं, “आधी आनला असता तर?”

“कुत्र्यात बहुधा उशिराच कळतो आणि झपाट्याने पसरतो. माणसाचा बऱ्याचदा हळू वाढतो. माणसासाठी रक्ताची तपासणी आहे, ती कुत्र्याला लागू पडत नाही.” बोलता बोलता त्या थांबल्या. “तुम्हाला काही त्रास आहे का?”

“न्हाई, न्हाई,” म्हणत ते लाल्याला उचलून बाहेर पडले.

आठवडाभरात लाल्याचे मागचे पाय गेले. गोळ्यांनीही कळ थांबेना, तेव्हा त्याला पुन्हा नगरला नेऊन सुटकेचं इंजेक्शन द्यायला लावलं. बिभीषणांनी शेवटपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं.

बांधाला खड्डा बुजवून झाल्यावर बायको पंकजा म्हणाली, “आता तुमचं बोला.”

“माजं काय?”

“भाईर गेला की किती येळ लागतो, ते मला दिसत न्हाई व्हय? थोरल्या भावजींचंबी असंच हुतं.”

ते ढेकळांवर बसले. “मला लई भ्या वाटतंय गं. ह्याच्यावानी झालं तर?”

“मलाबी वाटतंय. उद्या जाऊ.”

नगरच्या मोठ्या दवाखान्यात प्रोस्टेटसाठी रक्त तपासलं, आकडा वाढलेला निघाला. मग ग्रंथीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, हाडांचा स्कॅनही केला. रिपोर्ट यायला दहा दिवस होते. त्या दिवसांत कंबर जरा भरून आली तरी बिभीषणांना दरदरून घाम फुटे. लाल्याच्या मणक्याचा तो एक्स-रे डोळ्यांपुढून हलत नसे.

रिपोर्ट घेऊन तिथले डॉक्टर बोलायला लागले. बिभीषणांना “कॅन्सर आहे” एवढंच ऐकू आलं, पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. पंकजानंच पुन्हा विचारलं, “हाडात गेलाय का?”

“नाही. हाडांचा स्कॅन स्वच्छ आहे. ग्रंथीतच आहे. ऑपरेशन करता येईल.”

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर त्यांनी पंकजाचा हात असा आवळला की बांगडी फुटली. त्याला आता वर्ष होत आलं. आकडा खाली आलाय, गाईंच्या धारा पुन्हा तेच काढतात. पण दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचा दिवस आला की सकाळपासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.