लेझीम कोण वाजवतं?

साहित्याच्या खोलीत कोणी नसताना लेझीम वाजते, हे प्रमिलाबाईच्या पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा ती दाराशीच थबकली. बाहेरून कडी तिनंच घातलेली होती. आत खुंट्यांना लेझमी टांगलेल्या, भिंतीभर नकाशे, कोपऱ्यात डंबेल्सची पेटी आणि मधोमध छताच्या लाकडाला बांधलेल्या झोळीत तिची मुक्ता. झोळी हलली की तिचा काठ शेवटच्या लेझमीला घासून जायचा आणि छुन्न करून आवाज यायचा. पण झोळीला झोका देऊन प्रमिलाबाई पंचायत समितीत टपाल पोचवायला गेली, तिथं बाकावर ताटकळत बसली, पोच घेऊन उन्हातून चालत परत आली. एवढा वेळ कुठली झोळी आपली आपण हलते?

तिनं कडी काढली. मुक्ता मूठ तोंडाशी घेऊन गाढ झोपलेली. झोळी हलकेच हलत होती.

प्रमिलाबाई मूळची साक्रीकडची. लग्न होऊन इकडं भुसावळच्या बाजूला आली, तर इथली बोली ऐकून पहिले सहा महिने नुसतीच हसायची, आणि तिची बोली ऐकून इथल्या बाया हसायच्या. नवरा जीवराम जिल्हा परिषदेच्या मुलींच्या शाळेत शिपाई होता. कावीळ झाली आणि मुक्ता पोटात असतानाच तो गेला. त्याच्या जागी हिला परिचर म्हणून घेतलं, पण नेमणूक तात्पुरती. शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येतील, बाईचं काम बघतील, मग कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरेल. सासू केळीच्या बागेत मजुरीला जायची, माहेर धुळ्याच्याही पलीकडं. तान्हं लेकरू ठेवायचं कोणाजवळ?

पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका इंदिराबाईंनी, चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, "प्रमिलाबाई, बाळ शाळेत आणायचं नाही. साहेबांच्या नजरेस पडलं तर नोकरी तुमची जाईल आणि जाब मला विचारतील."

"हो बाई," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी येऊन तिनं साहित्याच्या खोलीत झोळी बांधली. दुसरं करणार तरी काय? झोळीची दोरी तिनं दाराच्या फटीतून बाहेर काढली, ओसरीवरच्या आपल्या स्टुलापाशी आणली. तिच्या माहेरी सगळ्या बाया अशीच लांब दोरी ठेवत. आई चुलीशी भाकरी थापायची आणि पायाच्या अंगठ्याला दोरी अडकवून भावंडांना झोके द्यायची. स्टुलावर बसून घंटेकडं लक्ष द्यायचं आणि पाय हलवत राहायचं, जमण्यासारखं होतं. पण शिपायाला स्टुलावर बसू कोण देतं? पाणी आण, खडू आण, टपाल ने, चौथीच्या वर्गात ओकली आहे पोरगी, राख टाक. ती उठली की दोरी नुसती पडून राहायची.

आणि तरीही मुक्ता रडत नव्हती.

शाळेतला जुना शिपाई धनसिंग, तिच्याच मुलुखातला, दिवसभर कपाळाला आठ्या घालून वावरायचा. त्याला आपल्या पुतण्याला या जागेवर लावायचं होतं असं तिच्या कानावर होतं, म्हणून त्याची तिला धास्ती. एकदा त्यानंच विचारलं, "तुनी पोर रडत नही का वं कधी?"

"कोणती पोर, धनसिंगभाऊ?"

"बरं बरं," तो म्हणाला आणि तंबाखू मळत निघून गेला.

आता काळजी एकीकडं आणि कुतूहल एकीकडं, असं तिचं झालं. भाकरी खाताना, भांडी घासताना एकच विचार. दुसरीच्या लताबाई मास्तरीणबाई तिच्याशी जरा मोकळ्या होत्या. त्यांना सांगितलं तर त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, "अगं, जीवरामच येत असेल! लेकीत जीव अडकला असेल त्याचा."

दुपारी मुक्ताला पाजायला खोलीत गेली तेव्हा दार लोटून घेऊन तिनं नकाशांकडं बघत हळूच विचारलं, "अहो, तुम्हीच का?"

नकाशे गप्प. मुक्ता चुटूचुटू पीत होती. मग प्रमिलाबाईला आपलंच हसू आलं. जिवंत होता तेव्हा त्या माणसानं घरातला पाण्याचा तांब्या जागचा हलवला नव्हता. आता एवढ्या लांबून झोळी हलवायला येणार?

तिनं एक युक्ती केली. फळ्याखाली साचलेली खडूची भुकटी गोळा केली आणि टपालाला निघताना खोलीच्या उंबऱ्याच्या आत पसरून ठेवली. कोण येतं त्याचं पाऊल उमटेल. परत आली तर लेझीम छुन्न छुन्न करतेय आणि भुकटी जशीच्या तशी! मुंगीचासुद्धा माग नाही. खिडकीला गज. उंदीर? उंदरानं झोका द्यायचा म्हणजे तो हत्तीएवढा हवा.

आणखी एक गोष्ट तिला खटकत होती. मोठ्या बाई पूर्वी दर दोन दिवसांनी साहित्याच्या खोलीत डोकावायच्या म्हणे; कुठला नकाशा फाटला, कुठली लेझीम तुटली, सगळं बघायच्या. पण हल्ली काही हवं असलं की आपल्या खोलीतूनच हाक, "प्रमिलाबाई, पृथ्वीचा गोल आणा." खोली अगदी भिंतीला भिंत लागून, पण त्या तिकडं फिरकत नव्हत्या. प्रमिलाबाईला वाटलं, देवच पावला.

असं करता करता साहेबांच्या पाहणीचा दिवस आला. सकाळपासून सडा, रांगोळी, पोरींच्या वेण्यांना लाल फिती. प्रमिलाबाईनं मुक्ताला पोटभर पाजलं, काजळाची तीट लावली आणि झोळीत ठेवताना तिच्या कानात सांगितलं, "आजच्या दिवस आईची लाज राख बाई. रडू नको."

साहेब आले ते स्कूटरवरून, घामाघूम. मोठ्या बाईंच्या खोलीत पंख्याखाली बसले. प्रमिलाबाई चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि तिला पहिलं नवल दिसलं: मोठ्या बाई बसूनच होत्या. सरपंच आला तरी उठून नमस्कार करणारी ही बाई, साहेबांपुढं खुर्चीला चिकटून बसलेली. भिंतीपलीकडून बारीक आवाज येत होता. छुन्न. छुन्न.

"आता कवायतीचा तास आहे का?" साहेबांनी विचारलं. "लेझीम वाजतेय कुठंतरी."

"सराव चालतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "चहा घ्या."

कप ठेवायला प्रमिलाबाई वाकली, आणि तिची नजर टेबलाखाली गेली. मोठ्या बाईंनी उजव्या पायातली चप्पल काढून ठेवली होती. पायाच्या अंगठ्याला दोरीचा फास होता. झेंड्याची पांढरी दोरी. ती भिंतीपर्यंत जाऊन, कधीकाळी विजेच्या घंटेसाठी पाडलेल्या आणि तशाच राहिलेल्या भोकातून पलीकडं गेली होती. पाय पुढं, पाय मागं. वर मात्र बाई साहेबांना पटसंख्या सांगत होत्या.

प्रमिलाबाईनं कप टेबलावर ठेवला आणि वाकलेलीच राहिली. ते भोक पलीकडून आशियाच्या नकाशामागं झाकलेलं होतं, आणि दोरी चुन्याच्या भिंतीवर पांढऱ्यावर पांढरी. झोळीच्या पार वरच्या गाठीला बांधलेली असणार. उंबऱ्यावर भुकटी पसरून ती जमिनीकडं बघत बसली होती. वर बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"बरं, आधी साहित्य बघून घेऊ," म्हणत साहेब उठले. "कुठली खोली? हीच ना शेजारची?"

"चहा निवेल साहेब."

"चहा नंतर."

आता मोठ्या बाईंना उठणं भाग होतं. त्यांनी फासातून अंगठा सोडवायचा प्रयत्न केला, पण दोरीला हिसका बसला, पलीकडं लेझमी खळ्ळकन आपटल्या आणि मुक्तानं असं भोकाड पसरलं की पोरींचे पाढे थांबले.

प्रमिलाबाईला पान्हा फुटला. तिनं ट्रे छातीशी आडवा धरला आणि तशीच उभी राहिली. गेली नोकरी. गेलं सगळं.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"बाळ आहे," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "प्रमिलाबाईंचं. शिपाई जीवरामचं."

"शाळेत?"

"त्याची आई दिवसभर इथं असते साहेब. ते कुठं असणार?"

"आणि तुम्ही चालू दिलंत? तुम्हाला नियम..."

"नियम माहीत आहे. नजरेस पडलं की लिहावं लागतं. म्हणून मी त्या खोलीत जाणंच सोडलं. आता तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही लिहावं लागेल, मलाही." त्यांनी वाकून दोरी हातात घेतली आणि टेबलावरून पुढं केली. "नकाशे मी इथंच मागवते. तोवर जरा हे धरता का? ती थांबायची नाही नाहीतर."

साहेबांनी दोरीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. पलीकडं मुक्ताचा सूर टिपेला पोचलेला. नोकरीला लागल्यापासून त्यांच्यापुढं असं काही कोणी केलं नसावं. त्यांनी दोरी घेतली आणि ओढली.

"एवढ्या जोरात नको, उलटेल पोरगी."

"असं?"

"हां. आता सैल सोडा."

छुन्न. छुन्न. रडणं हुंदक्यांवर आलं, मग नुसत्या कुरकुरीवर. साहेब परत खुर्चीत बसले ते अगदी बेतानं, दोरी ढिली पडू न देता. मग धनसिंग एकेक नकाशा आणून उलगडून दाखवू लागला, आणि साहेब डाव्या हातानं झोका देत उजव्या हातानं यादीवर खुणा करू लागले. महाराष्ट्र, ठीक. भारत, ठीक. आशियाचा नकाशा मात्र धनसिंगनं आणलाच नाही. "तो भिंतले चिकटेल शे साहेब," तो म्हणाला. साहेबांनी त्यावरही खूण केली.

निघताना त्यांनी शेऱ्यात लिहिलं ते मोठ्या बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं: परिचर बाईंचं काम चांगलं, कायम करण्यास हरकत नाही. साहेबांनी स्कूटरला किक मारली, आणि मग थांबून, कोणाकडंच न बघता म्हणाले, "ती दोरी मध्ये झिजली आहे. बदलून घ्या."

प्रमिलाबाईनं धावत जाऊन मुक्ताला उचललं, पोटाशी धरलं. धनसिंग दारात उभा होता.

"दोरी तुम्ही बांधली भाऊ?"

"मंग काय! तू पहिल्यांदा समितीमा गई ना, पोरनी बठ्ठी शाळा डोक्यावर घिदी. मी उचलीसन फिरावत ऱ्हायनू. बाईसनी हाक मारी, म्हने, माले दखाडू नको, माना नजरे पडू देऊ नको, पन काहीतरी कर."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू तरी माले कोठे सांगं?" तो म्हणाला. "कोणती पोर, म्हने!"

प्रमिलाबाई ओशाळून हसली. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. नजर मुद्दाम मैदानाकडं.

"प्रमिलाबाई, हुरळून जाऊ नका. थोड्या दिवसांत ती रांगायला लागेल. मग झोळीत राहायची नाही आणि दोरीनं भागायचं नाही. काय करायचं ते आत्ताच ठरवा."

एवढं पुढचं प्रमिलाबाईनं पाहिलंच नव्हतं. मुक्तानं मात्र आईच्या खांद्यावरून मान वळवली, आणि आवाज कोणाचा ते बघायला दाराबाहेर डोकं काढलं. मोठ्या बाईंचे डोळे मैदानावर होते, पण चप्पल काढलेला उजवा पाय सवयीनं पुढंमागं हलत होता.

"रांगू द्या बाई," धनसिंग म्हणाला. "शाळा मोठी शे."