मोरीतलं लाल पाणी

गर्दी देवळापुढे होते, मंत्र्याच्या गाडीपुढे होते. ओमनाम्मांच्या परसात मात्र ती न्हाणीघराच्या मोरीपुढे झाली होती. आत त्यांची लेक श्रीकला, पहिलटकरीण, अंगाला हळद-तेल चोळून घेऊन आंघोळ करत होती. बाहेर पवित्रन वैद्यर मोरीच्या तोंडाशी पाट मांडून बसले होते. पाणी वाहत आलं, तेच मुळी लालभडक!

"बघा, बघा! बाळंतपणाचं दुष्ट रक्त!" वैद्यर गरजले. "रोमारोमातून निघतंय. माझं सिद्धभस्म पाण्यात नसतं, तर कुणाच्या बापाच्यानं निघालं नसतं!"

बायकांनी मोरीला हात जोडले, मागे उभ्या भास्करन मामांनीही.

"पाणी निवळेपर्यंत पेज बंद, पाणी बंद. माझा औषधी लेह चाटायचा, वर घोटभर काढा. जास्त पाणी पोटात गेलं की रक्त पुन्हा नासलंच म्हणून समजा."

श्रीकलाच्या घशाला कोरड पडली होती. तेलाचं मर्दन, पाला उकळलेलं कढत पाणी हे सगळं तिला आवडत होतं. कंबर किती हलकी व्हायची! आजीच्या काळापासून घरात हेच चालत आलं होतं, पण आजी न्हाऊ घातल्यावर मेथीची पेज वाडगा भरभरून पाजायची. आता पेज गेली आणि दूधही आटत चाललं. बाळ दोनदा चोखायचं आणि भोकाड पसरायचं. त्याची मनगटं वाळत चालली होती.

"अम्मा, निदान तांब्याभर पाणी तरी दे गं."

"मला का हौस आहे तुला तहानलेली ठेवायची?" ओमनाम्मांचे डोळे भरून आले. "तुझं रक्त नासलं तर मी काय करू, मोळे, माझ्या लेकी?"

न्हाणीत अंधार, वाफ आणि डोळ्यांत तेल, त्यामुळे श्रीकलाने ते लाल पाणी कधी पाहिलंच नव्हतं. अंग तेवढं खाजायचं. 'दोष बाहेर पडताना खाजणारच,' असं वैद्यर म्हणायचे. त्या दिवशी बाळाच्या रडण्याने ती अर्ध्यातूनच बाहेर धावली आणि मोरी तिच्या नजरेस पडली. तिला भीती वाटली नाही. शाळेत ती शिकवत असलेला आठवीचा विज्ञानाचा वर्ग आठवला आणि रागाने कानशिलं तापली.

सांगून उपयोग नव्हता. बाळंतिणीचं बोलणं म्हणजे वाताचं बडबडणं, असं वैद्यरांनी आधीच जाहीर करून ठेवलं होतं. ती भास्करन मामांकडे वळली.

"मामा, गुडघे कसे आहेत?"

"तुझ्या बाळापेक्षा जास्त रडतात."

"मग उद्या माझ्याऐवजी तुम्हीच न्हा की!"

दुसऱ्या दिवशी मामा मागच्या दाराने न्हाणीत शिरले. अंगभर हळद-तेल चोळलं, भस्म घातलेलं पाणी ओतून घेतलं. मोरी लाल झाली.

"आज तर गर्भाशयाचा तळ साफ झाला!" वैद्यर ओरडले.

दार उघडलं. कमरेला गुंडाळलेल्या ओल्या मुंडूत, मिशांतून पाणी निथळत मामा बाहेर आले. "वैद्यर, झाला ना नक्की साफ? कारण मला तो असल्याचं आजच कळतंय."

"भास्करा, मुलगा की मुलगी?" गर्दीतून एक म्हातारी किंचाळली आणि परस हशाने दणाणलं.

"मामा-भाची एकाच घराण्याचं रक्त!" वैद्यर घाईघाईने म्हणाले. "दोष मामाला लागणारच!"

श्रीकला बाळाला काखेत घेऊन आली. दुसऱ्या हातात माशांच्या कालवणासाठी भिजत घातलेल्या आंबट सोलांचं पाणी होतं. तिने ते मोरीत ओतलं. लाल होतं ते बघता बघता पिवळं झालं.

"रक्त आंबटाने पिवळं होतं का हो, वैद्यर?"

मामांनी भस्माची चिमूट जिभेला लावली आणि कपाळावर हात मारला. "हा तर माझ्या पानाचा चुना! हळद आणि चुना! अहो, भगवतीच्या देवळात गुरुतीला रक्ताऐवजी वाहायचं लाल पाणी दर वर्षी मीच हळद-चुन्याचं कालवतो. आणि इथे इतके दिवस मोरीला हात जोडून उभा होतो!"

"आठवीतली मुलंसुद्धा हे करून दाखवतात," श्रीकला म्हणाली. "चुना पडला की हळद लाल, आंबट पडलं की पिवळी. ज्या दिवशी हे चुना घालणार नव्हते, त्या दिवशी मी बरी होणार होते."

वैद्यर पाट तिथेच टाकून निघाले. गडबडीत एक पाय मोरीत गेला, तोही हळदीने माखून निघाला.

ओमनाम्मांनी पेजेचा वाडगा आणला. "मला आधी सांगायचंस ना गं!"

"रोज सांगत होते, अम्मा. तहान लागलीय म्हणून."

ओमनाम्मा तिच्याजवळ बसून पेज पाजू लागल्या. वाडगा रिकामा झाला, तशी त्यांनी तो पुन्हा भरला. हळूहळू दूध उतरू लागलं आणि एका दुपारी बाळ पोटभर पिऊन तोंड उघडं टाकून झोपलं.

तेल चोळा, न्हाऊ घाला, लेहही खुशाल द्या. पण कुणी चमत्कार दाखवला, तर त्यात काय कालवलंय ते आधी बघा. आणि बाळंतिणीला काय हवं ते तिलाच विचारा, मोरीला नको.